परदेशी निघालात? आधी इकडचं आवरा

बँकेतून निवृत्त झाले तरी एनआरआय डेस्क काही सुटला नाही. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं त्या काउंटरवर गेली. आता ओळखीत कुणाच्या मुलाला बाहेरची ऑफर आली की फोन येतो, "काकू, जरा याच्याशी बोलता का?" मग मुलगा फोनवर येतो आणि तिकडचं विचारायला लागतो. घर कसं मिळतं, थंडी किती असते, पगारातून कापतात किती. मी म्हणते, ते तुला तिथे उतरल्यावर आपोआप कळेल रे. तुझ्या बचत खात्याचं काय केलंस ते सांग. की पलीकडे शांतता.

गेलेल्या माणसाचं तिकडे सहसा अडत नाही. कंपनी असते, आधी गेलेले मित्र असतात, रोजच्या गरजेपोटी माणूस शिकतो. अडतं ते इकडे. सही करायला तो नसतो, आणि ओटीपी येणारं सिम कधीच बंद पडलेलं असतं. म्हणून हा मजकूर इकडच्या टोकाबद्दल आहे. भारतीय पासपोर्टवर नोकरीसाठी निघालेल्यांसाठी.

सुरुवात नावापासून. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम निराळा, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि पासपोर्टात 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम' असे दोनच रकाने. वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात तुमच्या नावाला चिकटून बसतं. ते तसं असायला हरकत नाही, पण मग ऑफर लेटर, तिकीट, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे अक्षरन् अक्षर तसंच हवं. मुलींचं दुखणं याहून मोठं. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पदवी एका बाईची आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा असं दिसतं. नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण निघायच्या वर्षात बदलू नका, एवढं माझं ठाम मत आहे. सरनेमचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, आणि अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', ही तीन अक्षरं येऊन बसतात. पुढे तिथल्या प्रत्येक कागदावर तुम्ही एफएनयू.

जोडीदाराला न्यायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम त्याऐवजी चालत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी होते, पण कित्येक जोडपी व्हिसाची वेळ येईपर्यंत तिकडे फिरकलेलीच नसतात. जन्मदाखलाही काढून बघा. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, कारण बारसं नंतर झालं आणि नाव घालायला कुणी गेलं नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजीसह नवा मागा.

हे दाखले आणि पदवी तिकडे चालावी म्हणून त्यांवर अपोस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. तो हेग करारातले देश एकमेकांचा मानतात, आणि भारत २००५ पासून त्या करारात आहे. कागदाची आधी राज्याच्या पातळीवर पडताळणी होते आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. कोणत्या देशाला काय चालतं ते मात्र बघा. सौदी अरेबिया २०२२ मध्ये करारात आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. अमिरातीसाठी नुसतं अपोस्टिल पुरत नाही, मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. यात आठवडे जातात, आणि तेवढे दिवस तुमची मूळ पदवी दुसऱ्याच्या हातात असते. द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचं स्कॅन करून ठेवा. आणि कृपा करून पदवी लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकवर शिक्का कुठे मारणार? पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं तर त्याचा अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून करायचा, पोलीस चौकीतून आणलेलं पत्र चालत नाही.

आता बँक. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नोकरीसाठी म्हणून देश सोडलात की फेमा कायद्याच्या, म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्याच्या, नजरेत तुम्ही त्या दिवसापासून अनिवासी. किती दिवस झाले हा प्रश्न तिथे येतच नाही, कशासाठी गेलात हे बघितलं जातं. आयकर खातं मात्र दिवस मोजतं. या दोन गोष्टी लोक एकात एक कालवतात आणि म्हणतात, "अजून सहा महिने कुठे झालेत?" सहा महिन्यांचा बँकेशी संबंध नाही. तुमचं साधं बचत खातं निवासी माणसाचं आहे, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यायचं. बंद करायची गरज नाही, बहुतेक बँकांत खाते क्रमांकही तोच राहतो. न सांगता तसंच वापरत राहणं हे फेमाचं उल्लंघन आहे आणि दंडाची तरतूद रकमेच्या तिपटीपर्यंत आहे. इतका दंड कुणाला झालेला मी पाहिला नाही, पण घर घेताना, कर्ज काढताना, पैसे बाहेर नेताना हे वर येतं आणि मग धावपळ.

दुसरं खातं एनआरई. परदेशात कमावलेले पैसे इकडे पाठवायचे ते यात. घरभाडं, डिव्हिडंड, जुन्या एफडीचे पैसे असं जे इथे उगवतं ते एनआरओमध्ये. एनआरईवरच्या व्याजाला भारतात आयकर नाही आणि ती रक्कम हवी तेव्हा परत बाहेर नेता येते. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक ३० टक्के आणि वर सेस असा कर आधीच कापते, आणि बाहेर न्यायला आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा. तुम्ही राहता त्या देशाशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर तिथला कर रहिवासी दाखला देऊन कपात कमी करता येते. तो दाखला दरवर्षी नवा द्यावा लागतो आणि दरवर्षी लोक विसरतात. एनआरईची एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. हे मी प्रत्येकाला सांगायची, आणि तरी अकराव्या महिन्यात कुणीतरी यायचंच.

वडील जॉइंट आहेत, तेच बघतील, असं पुष्कळांना वाटतं. अनिवासी खात्यात निवासी नातेवाईक दुसरा खातेदार होऊ शकतो, पण 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने. पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याचेच. वडिलांना इथली बिलं भरता यावीत असं वाटत असेल तर बँकेत मॅन्डेट, म्हणजे तुमच्या वतीने खातं चालवायची लेखी परवानगी, किंवा मुखत्यारपत्र द्यावं लागतं. उलट बाजूने मात्र सोपं आहे. आईवडिलांच्या स्वतःच्या निवासी खात्यात तुम्ही अनिवासी असूनही 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा असं, राहू शकता. त्यांच्या आजारपणात हेच कामाला येतं. नॉमिनीचा रकाना दोन्हीकडे बघून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात.

आणि बाकीची खाती? तीन नोकऱ्यांची तीन पगार खाती, कॉलेजात उघडलेलं एक. सगळी बंद करून या. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. परत मिळतात हो, पण त्यासाठी जे हेलपाटे घालावे लागतात ते सुट्टीच्या पंधरवड्यात मावत नाहीत.

आयकराचं म्हणाल तर निघायची तारीख तुमच्या हातात असेल तर कॅलेंडर समोर घ्या. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकासाठी त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांची रेघ आहे. १ एप्रिलपासून मोजत गेलात तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. त्या दिवशी विमानात बसलात तर साधारणपणे त्या वर्षासाठी अनिवासी, आणि तिकडच्या पगाराचा इथल्या कराशी संबंध नाही. पण मार्चच्या आत सुट्टीला आलात तर तेही दिवस धरले जातात, मग रेघ ओलांडायला एकच दिवस पुरतो. आयकर पोर्टलवर आपला दर्जा अनिवासी असा बदलून घ्या. जुलै २०२३ मध्ये आधार न जोडलेली पॅन कार्डं निष्क्रिय झाली तेव्हा त्यात कितीतरी अनिवासी सापडले. त्यांना जोडणीतून सूट होती, पण आपण अनिवासी आहोत हे त्यांनी खात्याला कळवलंच नव्हतं.

घर भाड्याने देऊन जाणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की घरमालक अनिवासी असल्यामुळे भाड्यातून कर कापून भरायची जबाबदारी त्याची आहे. दरमहाचं भाडं कितीही कमी असलं तरी. निम्म्या भाडेकरूंना हे माहीत नसतं आणि बाकीचे ऐकून पळून जातात.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मिळत नाही आणि नवं उघडता येत नाही. पोस्टाच्या बचतपत्रांसारख्या योजना अनिवासींना बंद. म्युच्युअल फंडाचं केवायसी बदलावं लागतं. अमेरिका किंवा कॅनडाला जाणार असाल तर सगळ्याच फंड कंपन्या तिथल्या रहिवाशांचे नवे पैसे घेत नाहीत, एसआयपी चालू ठेवायच्या आधी विचारा.

एवढं सगळं करून माणूस जातो आणि सिम कार्डासाठी अडतो. आधार, पॅन, बँक, फंड, पीएफ, सगळ्यांची किल्ली त्या एका नंबरात असते. जायच्या आधी एकच नंबर ठरवा, सगळीकडे तोच असल्याची खात्री करा, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या आणि त्यात एसएमएस येतात ना ते कंपनीला विचारा. तो नंबर तुमच्या नावावर हवा. काकांच्या नावावरचं सिम असेल आणि ते बंद पडलं तर नवं काढायला काकांनाच जावं लागेल. दर थोड्या दिवसांनी रिचार्ज करायचं काम घरातल्या कुणाला तरी नेमून द्या. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांचे मोबाइल नंबर एनआरई-एनआरओ खात्यावरून यूपीआयला चालतील असं जाहीर झालं. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती, सौदी आहेत. पण त्यातही बँकेप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे भारतीय सिम टाकून देऊ नका.

रोख नेताना परकीय नोटा ३,००० डॉलरच्या आत, बाकी कार्डावर. दागिने अंगावर किंवा सामानात असतील तर विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात दाखला घेऊन ठेवा, परत येताना "हे इथलंच आहे" असं तोंडी सांगून भागत नाही. औषधं नेणार असाल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. कोडीन, ट्रमाडॉल असलेली औषधं आखाती देशांत परवानगीशिवाय नेऊ नका. खोकल्याच्या बाटलीवरून चौकशीत अडकायला होतं. गाडी चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो, आणि नंतर तिथला काढावाच लागतो.

भारतातल्या कंपनीनेच तुम्हाला बाहेर पाठवलं असेल तर पीएफ कार्यालयाचं 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' मिळेल का ते एचआरला विचारा. जर्मनी, जपान, फ्रान्स, नेदरलँड्स अशा काही देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. दाखला असला की पगारातून पीएफसारखी कपात दोन्हीकडे होत नाही. अमेरिकेशी असा करार नाही.

हे सगळं पदवीवाल्यांचं झालं. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक', असं असतं, आणि आखाती देश, मलेशिया धरून अठरा देशांत कामाला जायचं तर त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. लोकांना ही कटकट वाटते. मला विचाराल तर ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवरचा हा रस्ताच त्याचं रक्षण करतो. एजंट नोंदणीकृत आहे का ते तिथेच दिसतं, त्याने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घ्यायचं नाही, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या २७५ रुपये हप्त्यावर १० लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. "व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो" असं म्हणणाऱ्या माणसाशी पुढे बोलूच नये. शिकलेल्यांनीही. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून गेलेली संगणक शिकलेली भारतीय मुलं म्यानमारच्या म्यावाडीमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबली गेली. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून इशारे देतं आहे, कंबोडिया आणि लाओसबद्दलही. कराराची सही झालेली प्रत घरी ठेवून जा. तिकडे गेल्यावर दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. तक्रार करायची वेळ आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे.

मुखत्यारपत्र जायच्या आधीच करा. नंतर करायचं तर वाणिज्य दूतावासात सही, मग कागद इकडे, मग पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक. आणि सर्वाधिकाराचं करू नका, कुणावर कितीही विश्वास असो. अमुक फ्लॅटचं भाडं, अमुक सोसायटीतली सही, अमुक खटला, असं नेमकं लिहा. काउंटरवर मी भावाभावांचे जे चेहरे पाहिले त्यावरून सांगते आहे.

जमिनीचंही ऐका, कारण तिकडे दोन पैसे साठले की पहिला विचार गावाकडे चार एकर घ्यायचा येतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. वारसाने आलेली किंवा जायच्या आधी घेतलेली ठेवता येते, विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणून वडिलोपार्जित सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली असेल तर ती निघायच्या आधी करून घ्या. शहरातला फ्लॅट घ्यायला काही अडचण नाही.

आईवडिलांचा आरोग्य विमा तुमच्या कार्डावरून आपोआप भरला जात असेल आणि ते कार्ड तुम्ही बंद करून निघालात, तर पॉलिसी खंडित होते आणि जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून. हा धागा तपासायला विसरू नका.

तिकडे मूल झालं तर ते जन्माने आपोआप भारतीय होत नाही. डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी आणावी लागते. रात्रीची जागरणं चालू असताना ही तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा, मूल व्हायचं असो नसो.

मतदार यादीतलं काय, हे विचारणारा माझ्या आठवणीत एकच मुलगा. परदेशात राहणाऱ्या भारतीय मतदारासाठी फॉर्म ६ए आहे, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. तो म्हणाला, मग तिकिटाचं बघतो. पुढे आला की नाही ते काही कळलं नाही, त्याचं एनआरओ खातं मात्र वेळेत झालं होतं.